आपली चेतासंस्था आपल्याच शरीरावर कशी अभ्यासावी

चेतासंस्थेचा अभ्यास करताना शरीराच्या कोणत्याही क्रियेबद्दल तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: संदेश शरीरात कोठून शिरला, तो कोठपर्यंत जाऊन वळला आणि कोठून बाहेर पडला. गुडघा उडणे, डोळ्याची बाहुली आकसणे, पडणारी वस्तू झेलणे, ठेच लागल्यावर कळवळणे या सगळ्यांना हेच तीन प्रश्न लागू पडतात आणि त्यांची उत्तरे शोधता शोधता मेंदू, मेरुरज्जू व चेता यांची रचना ध्यानात राहू लागते. पुस्तकातील आकृती पाठ केली तर परीक्षेपुरते काम भागते. परंतु तीच आकृती स्वतःच्या हातापायांवर पडताळून पाहिली की कोणता भाग कशासाठी आहे हे सहसा विसरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

या अभ्यासासाठी तीस सेंटिमीटरची पट्टी, मोबाइलची विजेरी, केसांचा आकडा, कोरा कागद, पेन, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि मदतीला एक व्यक्ती एवढे पुरेसे आहे. निरीक्षणे वहीत लिहावीत आणि प्रत्येक प्रयोग दोन्ही बाजूंनी करावा, कारण चेतासंस्थेच्या तपासणीत डाव्या-उजव्या बाजूंची तुलना ही एकेका आकड्यापेक्षा अधिक बोलकी असते. मानेचे दुखणे असणाऱ्यांनी किंवा चक्कर येणाऱ्यांनी डोके हलवण्याचे व डोळे मिटून उभे राहण्याचे प्रयोग टाळावेत. चटका देऊन वा टोचून कोणताही प्रयोग करू नये. त्याची गरजही नाही.

सुरुवातीला एवढी रचना मनात पक्की करावी

मेंदू आणि मेरुरज्जू मिळून केंद्रीय चेतासंस्था होते. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. तरीही विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढा ऑक्सिजन वापरते, त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. मेंदूचा सर्वांत मोठा, वळ्यावळ्यांचा भाग म्हणजे प्रमस्तिष्क. त्याच्या मागे आणि खाली अनुमस्तिष्क असते, आणि या दोघांना मेरुरज्जूशी जोडणारा दांडा म्हणजे मस्तिष्कस्तंभ होय. मस्तिष्कस्तंभाचा सर्वांत खालचा भाग, म्हणजे मस्तिष्कपुच्छ, श्वासोच्छ्वास, हृदयाची गती आणि रक्तदाब सांभाळतो. ब्राझीलच्या शास्त्रज्ञ सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मानवी मेंदूतील चेतापेशींची संख्या सुमारे ८,६०० कोटी असल्याचे दाखवले. त्यांतल्या सुमारे ६,९०० कोटी चेतापेशी एकट्या अनुमस्तिष्कात आहेत. मेंदूच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा असलेल्या या भागाला पाठ्यपुस्तकात 'तोल सांभाळणारा' म्हणून एका ओळीत उरकले जाते, ते मला नेहमी अपुरे वाटते.

मेरुरज्जू सुमारे ४२ ते ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि पाठीच्या कण्यापेक्षा आखूड असल्याने कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. कमरेतून पाणी काढून तपासण्याची सुई डॉक्टर त्याच्या खालच्या मणक्यांमध्ये घालतात, ती याच कारणाने. मेंदूतून निघणाऱ्या करोटी चेतांच्या १२ जोड्या आणि मेरुरज्जूतून निघणाऱ्या मेरुचेतांच्या ३१ जोड्या मिळून परिघीय चेतासंस्था बनते. हृदय, आतडी, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी यांच्यावर आपल्या इच्छेवाचून नियंत्रण ठेवणारी स्वायत्त चेतासंस्था याच परिघीय संस्थेचा भाग आहे.

या साऱ्याचा मूळ घटक चेतापेशी. तिच्या पेशीकायेला फांद्यांसारख्या वृक्षिका असतात, ज्यांच्याकडून संदेश आत येतो, आणि एक लांब अक्षतंतू असतो, ज्यावरून तो बाहेर जातो. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा अक्षतंतू कमरेपासून निघून एक मीटर लांब असू शकतो. विश्रांतीत असलेल्या चेतापेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. उद्दीपन पुरेसे झाले की पेशीपटलातील दारे उघडून सोडियमचे आयन आत शिरतात, आतली बाजू क्षणभर धन होते आणि मग पोटॅशियमचे आयन बाहेर पडून पूर्वस्थिती येते. हा सगळा खेळ साधारण एक-दोन मिलिसेकंदांत आटोपतो आणि त्याने शेजारच्या भागातील दारे उघडतात. फटाक्याच्या वातीवरून ठिणगी जशी आपल्या बळावर पुढे सरकते, तसा हा आवेग न मंदावता टोकापर्यंत पोहोचतो. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी माखलीच्या जातीच्या एका समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर प्रयोग करून ही प्रक्रिया १९५२ मध्ये गणिताने मांडली.

दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामधल्या संपर्कस्थानात मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या दोन-चार पट एवढीच फट असते आणि ती फट ओलांडण्याचे काम रासायनिक पदार्थ करतात. चेतापेशी स्वतंत्र आहेत, हे स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून प्रतिपादन केले. त्यासाठी त्यांनी वापरलेली चांदीच्या क्षारांची रंगवण्याची पद्धत इटलीच्या कामिलो गोल्जी यांची होती, आणि गोल्जी मात्र अखेरपर्यंत उलट मताचे राहिले. दोघांना १९०६ चे नोबेल पारितोषिक एकत्रच मिळाले. फट ओलांडणारा दूत रासायनिक असल्याचा पुरावा ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये दिला. बेडकाच्या एका हृदयाला आवरणारी व्हेगस चेता उद्दीपित करून त्याची गती मंदावली, तेव्हा त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर घालताच तेही मंदावले. तो पदार्थ म्हणजे ॲसिटिलकोलीन होय.

मेंदूला न विचारता होणारी क्रिया: गुडघा

मदतनीसाला पाय लोंबकळतील अशा उंच टेबलावर बसवावे आणि मांडी सैल सोडायला सांगावी. गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खाली बोटाने चाचपले की एक जाड, ताणलेली पट्टी लागते. ती मांडीच्या पुढच्या स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा आहे. तळहाताच्या कडेने तिच्यावर हलका पण झटक्याने फटका मारावा. जागा बरोबर असेल तर पाय पुढे उडतो.

आता तीन प्रश्न विचारावेत. फटक्याने कंडरा दबली, तिच्यामुळे मांडीचा स्नायू किंचित ताणला गेला आणि स्नायूच्या आत असलेल्या ताण ओळखणाऱ्या अवयवांनी संदेश पाठवला; तो येथून शिरला. कमरेच्या भागातून निघणाऱ्या मेरुचेतांपैकी मुख्यतः तिसऱ्या व चौथ्या चेतेच्या मार्गाने तो मेरुरज्जूत पोहोचला आणि तेथे केवळ एकच संपर्कस्थान ओलांडून प्रेरक चेतापेशीकडे वळला. ती प्रेरक चेतापेशी त्याच मांडीच्या स्नायूला आकुंचित करते. तो येथून बाहेर पडला. त्याच वेळी मेरुरज्जूतील दुसरी एक छोटी चेतापेशी मांडीच्या मागच्या स्नायूंना सैल ठेवते, नाहीतर पुढचे आणि मागचे स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत राहिले असते. पाय उडाल्याचे मेंदूला कळते, पण ते नंतर. जर्मनीतील विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल यांनी स्वतंत्रपणे १८७५ मध्ये वर्णिलेली ही चाचणी आजही प्रत्येक दवाखान्यात वापरली जाते.

पाय उडाला नाही तर घाबरू नये, कारण अनेक निरोगी माणसांचा गुडघा सहज उडत नाही. अशा वेळी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून हात जोराने विरुद्ध दिशांना ओढायला सांगावे आणि त्याच क्षणी फटका मारावा. आधी न उडणारा पाय पुष्कळदा आता स्पष्ट उडतो. ही युक्ती हंगेरीचे वैद्य एर्नो येंड्रासिक यांची आहे आणि तिच्यातून एक महत्त्वाची गोष्ट शिकायला मिळते: प्रतिक्षिप्त, म्हणजे मेंदूला न विचारता होणारी, क्रिया मेरुरज्जूत घडत असली, तरी ती किती जोरात घडावी यावर वरून, म्हणजे मेंदूकडून, सतत लगाम असतो. म्हणूनच पक्षाघातानंतर काही दिवसांनी त्या बाजूचा गुडघा जरुरीपेक्षा जास्त उडू लागतो, आणि मेरुरज्जूतून बाहेर पडलेली चेताच इजा पावली असेल तर तो उडेनासा होतो. एका साध्या फटक्यावरून दोष वर आहे की खाली, याचा अंदाज डॉक्टरांना बांधता येतो.

अनवाणी चालताना बाभळीचा काटा रुतला की पाय वर उचलला जातो आणि नेमका त्याच वेळी दुसरा पाय ताठ होऊन शरीराचा भार घेतो. येथे संदेश मेरुरज्जूची मधली रेषा ओलांडून पलीकडच्या बाजूलाही जातो, आणि त्यात एकाहून अधिक संपर्कस्थाने असतात. हा प्रयोग मुद्दाम करायचा नाही. आजवरचा अनुभव आठवला तरी पुरे.

ठेच लागल्यावर दोन वेळा का दुखते

पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की आधी एक धारदार, नेमक्या जागेची कळ येते आणि ती ओसरते न ओसरते तोच साधारण एका सेकंदाने जळजळणारी, ठणकणारी, पसरट वेदना सुरू होते. दोन्ही संदेश एकाच वेळी निघालेले असतात, मात्र ते वेगवेगळ्या तंतूंवरून येतात. पहिल्या तंतूवर मायलिन या चरबीसारख्या पदार्थाचे पातळ आवरण असते आणि त्यावरून आवेग सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने धावतो. दुसरा तंतू बारीक आणि आवरणाविना असतो, त्यामुळे त्याचा वेग सेकंदाला एखाद-दोन मीटरच भरतो. अंगठ्यापासून कमरेपर्यंतचे अंतर सुमारे एक मीटर, म्हणजे दुसऱ्या संदेशाला यायला सेकंदभर लागणारच. स्नायूंच्या ताणाची खबर देणारे जाड तंतू तर सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जातात. पुढच्या वेळी ठेच लागेल तेव्हा या दोन वेदनांमधला अवधी ध्यानपूर्वक अनुभवावा. चेतातंतूंचे प्रकार शिकवणारा याहून चांगला पाठ मला माहीत नाही.

अशा वेळी हात आपसूक दुखऱ्या जागेकडे जातो आणि आपण ती चोळतो. चोळल्याने स्पर्शाचे जाड तंतू उद्दीपित होतात आणि मेरुरज्जूत वेदनेच्या संदेशाची वाट काही अंशी अडवली जाते, असे रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले. त्यांच्या मांडणीतील तपशील पुढे बदलले. पण वेदनेचा संदेश मेंदूकडे जाण्याआधी मेरुरज्जूत कमी-जास्त केला जातो, ही मूळ कल्पना टिकली.

त्वचेचा हिशेब

केसांचा आकडा उघडून त्याची दोन टोके ठरावीक अंतरावर आणावीत. मदतनीसाने डोळे मिटावेत. दोन्ही टोके एकदम आणि सारख्याच दाबाने टेकवावीत, मधूनमधून एकच टोक टेकवावे आणि प्रत्येक वेळी 'एक की दोन' असे विचारावे. ज्या अंतराखाली उत्तरे चुकू लागतात, ते अंतर पट्टीने मोजून लिहावे. बोटाच्या टोकाला हे अंतर २ ते ४ मिलिमीटर येते, तळहातावर सुमारे १ सेंटिमीटर, आणि कोपराखालच्या हातावर व पाठीवर ३ ते ४ सेंटिमीटरपर्यंत जाते. पाठीवर दोन बोटांएवढ्या अंतरावरचे दोन स्पर्श एकच वाटतात, हे पाहून पहिल्यांदा प्रयोग करणारा प्रत्येक जण चकित होतो. ब्रेल लिपीतील एका अक्षराचे ठिपके एकमेकांपासून सुमारे अडीच मिलिमीटरवर असतात. ती लिपी बोटांच्या टोकांनी वाचता येते आणि मनगटाने वाचता येत नाही, त्याचे कारण येथेच आहे.

हा फरक दोन जागी निर्माण होतो. बोटांच्या टोकांमध्ये स्पर्शग्राहकांची दाटी असते, आणि प्रमस्तिष्काच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, कानापासून डोक्याच्या माथ्याकडे जाणाऱ्या एका उभ्या पट्टीत, बोटे, ओठ आणि जीभ यांच्यासाठी पाठीपेक्षा कितीतरी अधिक जागा राखलेली असते. माँट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी जाग्या रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करताना या पट्टीला सौम्य विद्युत उद्दीपन देऊन कोठे स्पर्श जाणवतो ते विचारले, आणि त्यावरून १९३७ मध्ये शरीराचा हा नकाशा प्रसिद्ध केला. मेंदूत स्वतः वेदना जाणवणारे ग्राहक नसल्यानेच हे शक्य झाले. डाव्या हाताची संवेदना उजव्या बाजूच्या मेंदूत उमटते, कारण वर जाताना हे मार्ग बाजू बदलतात: सूक्ष्म स्पर्शाचे तंतू मस्तिष्कपुच्छात ओलांडतात, तर वेदना आणि तापमानाचे मेरुरज्जूतच ओलांडतात.

एकेका चेतेची हद्दही तपासता येते. कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यामागे एक खाच असते. तेथे अंगठ्याने हळूच दाबून बोट आडवे सरकवले की दोरीसारखी चेता हाताला लागते आणि करंगळीत व तिच्या शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागात झिणझिण्या येतात. दाब कोपराला दिला आणि जाणीव बोटात झाली, याचा अर्थ असा की त्या तंतूवरून आलेला प्रत्येक संदेश मेंदू करंगळीचाच समजतो, मग तो वाटेत कोठेही सुरू झालेला असो. कमरेत चेता दबली असताना पायात कळ येते, तिचे कारणही हेच.

याच चेतेला चाचपून कुष्ठरोगाची तपासणी केली जाते. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांत, त्वचेलगतच्या चेतांमध्ये वाढतात. चेता जाड होते आणि तिच्या हद्दीतील स्पर्श व वेदना नाहीशी होते. वेदना नसल्याने चटके आणि जखमा लक्षात येत नाहीत, त्या चिघळतात आणि बोटे झडतात. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले, त्या माणसांच्या हातापायांची अवस्था मोठ्या प्रमाणात या हरवलेल्या वेदनेतून आलेली होती. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तेथे कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर सरकारी दवाखान्यात जावे. उपचार मोफत आहेत आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो. मधुमेहातही चेता निकामी होतात आणि सर्वांत लांब तंतू आधी बाधित होत असल्याने बधिरपणा पायांच्या बोटांपासून वर चढतो. मधुमेह असणाऱ्यांनी रोज रात्री तळपाय आरशात पाहण्याची सवय ठेवावी.

मस्तिष्कस्तंभाची तीन कामे, डोळ्यांवरून

मंद उजेडात मदतनीसाला दूर पाहायला सांगून विजेरीचा झोत कडेने एकाच डोळ्यावर क्षणभर आणावा. त्या डोळ्याची बाहुली आकसते, आणि ज्या डोळ्यावर उजेड पडलेला नाही त्याचीही तेवढीच आकसते. संदेश दुसऱ्या करोटी चेतेने आत गेला, मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागात, म्हणजे मध्यमस्तिष्कात, पोहोचून दोन्ही बाजूंना वाटला गेला आणि तिसऱ्या करोटी चेतांनी बाहेर आला. अतिदक्षता विभागात डॉक्टर रुग्णाच्या डोळ्यांत वारंवार उजेड टाकतात, तेव्हा ते मस्तिष्कस्तंभाची हीच वाट चालू आहे का ते पाहत असतात.

दुसरा प्रयोग करायला सर्वांत सोपा आहे आणि मला तो सर्वांत सुंदर वाटतो. छापील मजकूर हातभर अंतरावर धरून कागद सेकंदाला दोनदा या वेगाने आडवा हलवावा. अक्षरे पुसट होतात. आता कागद स्थिर ठेवून डोके त्याच वेगाने 'नाही' म्हटल्यासारखे हलवावे; अक्षरे वाचता येतात. डोळ्यांसमोरची हालचाल दोन्ही वेळा सारखीच होती. परंतु डोके हलले की अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव हलतो, आठव्या करोटी चेतेने ती खबर मस्तिष्कस्तंभात पोहोचते आणि सुमारे १० मिलिसेकंदांत डोळे विरुद्ध दिशेला फिरवले जातात. नुसत्या नजरेने हलत्या कागदाचा पाठलाग करायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो, म्हणून तेथे आपण हरतो.

तिसरे काम पापण्या उचलून धरण्याचे; ती आज्ञा चेतेवरून स्नायूपर्यंत पोहोचावी लागते. चेता आणि स्नायू यांच्या संपर्कस्थानीही ॲसिटिलकोलीनच काम करते, आणि नाग व मण्यार यांचे विष नेमके तेथे आघात करते: नागाचे विष स्नायूकडील ग्राहक, म्हणजे ॲसिटिलकोलीन स्वीकारणाऱ्या जागा, अडवते, तर मण्यारचे मुख्यतः चेतेच्या टोकाला इजा करते. पापण्या जड होऊन मिटू लागणे हे त्याचे पहिले ठळक चिन्ह असते, त्यानंतर गिळणे आणि शेवटी श्वास बंद पडतो. मण्यारचा दंश बहुधा रात्री, झोपेत होतो आणि फारसा दुखत नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी होऊन पापण्या उचलता येईनाशा झाल्या, तर दंशाची खूण शोधत न बसता प्रतिसर्पविष आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

मस्तिष्कस्तंभाशी संबंध नसला तरी डोळ्याचा आणखी एक प्रयोग येथेच उरकून घ्यावा. कागदावर डावीकडे फुली आणि तिच्यापासून ८ सेंटिमीटर उजवीकडे ठळक ठिपका काढावा, डावा डोळा झाकावा आणि उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत कागद हळूहळू जवळ आणावा. सुमारे ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो, कारण त्याची प्रतिमा दृष्टिपटलावर दृक्चेता जेथून बाहेर पडते तेथे, ग्राहक नसलेल्या जागी पडलेली असते. आता ठिपक्यातून आडवी रेघ काढून प्रयोग पुन्हा करावा. ठिपका जातो, पण रेघ अखंड दिसते. ती रिकामी जागा मेंदू आजूबाजूच्या रेषेवरून भरून काढतो.

मेंदूला लागणारा वेळ मोजणे

मदतनीसाने पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवावी. आपण अंगठा आणि तर्जनी शून्याच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना, न टेकवता ठेवावीत आणि पट्टी न सांगता सोडल्यावर ती पकडावी. पट्टी १० सेंटिमीटर पडली तर ०.१४ सेकंद गेले, १५ सेंटिमीटरला सुमारे ०.१७, २० ला ०.२० आणि २५ ला ०.२३. पहिले काही प्रयत्न सरावाचे समजून सोडून द्यावेत आणि पुढच्या दहांची सरासरी काढावी.

बहुतेकांची सरासरी ०.२० सेकंदाच्या आसपास येते. मानेपासून हातापर्यंत आवेग पोहोचायला सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून अधिक वेळ लागत नाही. म्हणजे वाट लहान आहे, आणि वेळ जातो तो दृष्टिपटलात प्रकाशाचा संदेश बनण्यात व प्रमस्तिष्कात तो ओळखून आज्ञा काढण्यात. हे पडताळण्यासाठी डोळे मिटून बसावे आणि मदतनीसाला पट्टी सोडतानाच दुसऱ्या हाताने खांद्याला स्पर्श करायला सांगावे. स्पर्शावरून पकडताना वेळ सहसा कमी येतो. मग दोन पट्ट्या घ्याव्यात, एक एका हातासाठी, आणि सुटेल तीच पकडावी. निवड करावी लागल्याने वेळ वाढतो. नेदरलँड्सचे फ्रान्सिस्कुस डोंडर्स यांनी १८६८ मध्ये अशाच वजाबाकीने मनाच्या निर्णयाला लागणारा वेळ मोजला होता. शेवटी १०० मधून सातसात वजा करत मोठ्याने आकडे म्हणावेत आणि त्याच वेळी पट्टी पकडावी. जो फरक येईल तो ताशी ६० किलोमीटरने चाललेल्या मोटारसायकलवर लावून पाहावा: ०.२ सेकंदाचा उशीर म्हणजे ब्रेक दाबण्याआधीच सव्वातीन मीटरहून अधिक पुढे गेलेले चाक.

अनुमस्तिष्क तपासण्यासाठी तर्जनीने आधी स्वतःचे नाक आणि मग मदतनीसाचे हातभर दूर धरलेले बोट, असे आलटून पालटून वेगाने टेकवावे. हात सरळ आणि नेमका जात असेल तर अनुमस्तिष्क प्रत्येक क्षणी ठरलेली आणि प्रत्यक्षातली हालचाल ताडून दुरुस्ती करत आहे. ते बिघडले तर लक्ष्याजवळ येताना बोट थरथरते व पुढे निसटते. दारूच्या अमलाखाली असेच होते. पाय जुळवून उभे राहून डोळे मिटले तर मात्र निराळी गोष्ट कळते. डोळे उघडे असताना ताठ उभा असणारा माणूस ते मिटताच कोसळू लागला, तर सांध्यांची स्थिती सांगणारे मेरुरज्जूच्या मागच्या भागातील मार्ग किंवा अंतर्कर्ण बिघडल्याची शक्यता असते. मदतनीसाने जवळ उभे राहावे.

नाडीवर स्वायत्त संस्था

पाच मिनिटे शांत बसून मनगटावरची नाडी धरावी, मग पाच सेकंद श्वास आत घ्यावा आणि पाच सेकंद सोडावा. विशेषतः तरुणांमध्ये श्वास घेताना नाडी जलद आणि सोडताना संथ झाल्याचे बोटांना स्पष्ट कळते. हृदयाला कोणाचीच आज्ञा नसेल तर ते मिनिटाला १०० च्या आसपास धडधडेल; व्हेगस चेता, म्हणजे स्वायत्त संस्थेच्या परानुकंपी या शांत करणाऱ्या भागाची मुख्य चेता, त्याला ७० वर आवरून धरते आणि श्वास आत जाताना हा लगाम क्षणभर ढिला होतो. स्वायत्त संस्थेचा दुसरा भाग, अनुकंपी संस्था, याच्या उलट धोक्याच्या वेळी नाडी, रक्तदाब आणि घाम वाढवते. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून प्राणायामाचे परिणाम उपकरणांनी मोजायला सुरुवात केली, तो याच प्रश्नांचा एक पद्धतशीर शोध होता.

अनुकंपी संस्था बेफाम झाली तर काय होते, हे कोकणातील लाल विंचवाने दाखवले. त्याचे विष चेतापटलातील सोडियमची दारे मिटू देत नाही, चेता आवेग सोडत राहतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि फुप्फुसांत पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तवाहिन्यांवरील अनुकंपी ग्राहक अडवणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून असंख्य जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोणता ग्राहक कोठे आहे याचे अचूक ज्ञान ग्रामीण दवाखान्यात किती मोलाचे ठरते, याचे याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

हे प्रयोग घरी निदान करण्यासाठी नाहीत. एक तपासणी मात्र प्रत्येकाने शिकून ठेवावी. एखाद्याला अचानक काही वेगळे होऊ लागले तर त्याला हसायला सांगावे, दोन्ही हात समोर धरून ठेवायला सांगावे आणि एक साधे वाक्य म्हणायला लावावे. तोंड एका बाजूला ओढले गेले, एक हात खाली घसरू लागला किंवा बोलणे अडखळले, तर प्रमस्तिष्काच्या त्या त्या भागाचा रक्तपुरवठा थांबला असण्याची, म्हणजे पक्षाघाताची, शक्यता धरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तोंडावाटे काहीही देऊ नये, कारण गिळण्याची क्रियाही बिघडलेली असू शकते. सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच न्यावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि रक्तस्राव नाही ना, हे स्कॅनशिवाय कळत नाही. हे तास रुग्ण शेवटचा नीट असल्याचे कोणी पाहिले त्या क्षणापासून मोजतात, म्हणून ती वेळ कागदावर लिहून सोबत न्यावी.